उशाशी चॉकलेटचा पेला: माया भांडी थडग्यासाठी की घरासाठी?

खापरवेडी (धागाकर्ती)

प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहालयाची जुनी इमारत उभी होती तेव्हाची गोष्ट. तिथे काचेच्या पेटीत वीतभर उंचीचा एक मातीचा पेला होता. धान्य मोजायच्या मापट्यासारखा सरळ उभा. आणि त्यावर एक ससा मांडी ठोकून पुस्तक लिहीत बसला होता! पुस्तकाला बिबट्यासारख्या ठिपक्यांच्या कातड्याचं वेष्टण. सशाच्या वर, सिंहासनावर, पाताळातला एक बोळका म्हातारा देव. त्याच्या अवतीभवती बायका, त्यातली एक उंचावरून एका भांड्यातलं पेय दुसऱ्यात ओततेय. दुसऱ्या टोकाला मुखवटे घातलेले दोघं एका कैद्याचा शिरच्छेद करताहेत, आणि एक बाई 'अगं तिकडे बघ' म्हणून मैत्रिणीच्या पायाला हळूच बोट लावतेय. मी त्या पेल्याला सात-आठ प्रदक्षिणा घातल्या असतील.

बरोबरच्या मैत्रिणीने विचारलं, "हे मेलेल्यांसोबत पुरायलाच करायचे ना?" मी जाणकारासारखी मान हलवली. ती हलवायला हवी होती का, एवढ्यासाठी हा धागा.

हे पेले ग्वातेमाला, बेलीझ, होंडुरास आणि लगतच्या मेक्सिकोतल्या माया लोकांचे. त्यातले सगळ्यात देखणे इ.स. ६०० ते ८०० या काळातले. १९७१ साली न्यूयॉर्कच्या ग्रोलियर क्लबमध्ये मायकेल को या पुरातत्त्वज्ञाने माया भांड्यांचं प्रदर्शन मांडलं आणि १९७३ साली त्यावर ग्रंथ काढला. ते काम करताना त्यांच्या ध्यानात आलं, की पेल्यांच्या काठालगत जी चित्राक्षरांची ओळ असते, ती भांड्याभांड्यांवर जवळजवळ त्याच क्रमाने येते. तोवर ही अक्षरं म्हणजे अशिक्षित चित्रकारांची नुसती नक्षी, असंच बरेच जण धरून चालले होते. को म्हणाले, नाही, हा ठरलेला मजकूर आहे. इथवर ते शंभर टक्के बरोबर होते. पुढे त्यांनी अंदाज केला, की भांडी थडग्यातली, चित्रं पाताळातली, तेव्हा हा मजकूर मृतासाठी म्हणायचा मंत्र असणार. आपल्या गरुडपुराणासारखं काहीतरी.

१९८०च्या दशकात डेव्हिड स्टुअर्ट, स्टीफन ह्यूस्टन वगैरे तरुण मंडळींनी ती अक्षरं वाचायला सुरुवात केली आणि मंत्राची हवाच गेली. ताटल्यांवर लिहिलेलं निघालं 'उ लाक', म्हणजे 'त्याची ताटली'. पेल्यांवर 'युकिब', म्हणजे 'त्याचा पिण्याचा पेला'. मग पेय कुठलं ते. मग मालकाचं नाव, हुद्दा.

थोडक्यात, आपण स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून घेतो तेच! दुकानात तो माणूस कर्रर्र करत 'चि. अमक्याच्या मुंजीनिमित्त' कोरून देतो ना, तस्संच. हजार वर्षांनी कुणी आपला पितळी डबा उकरला आणि त्यावरचा मजकूर अथर्वशीर्षाच्या थाटात वाचला तर काय होईल, ते इथे झालं होतं.

पेय म्हणजे बहुतेक वेळा 'ककाव'. हो, कोको. माशाचं चित्र 'का' असं वाचायचं. हे वाचन बरोबर आहे याचा पुरावा फार सुंदर रीतीने मिळाला. उत्तर ग्वातेमालातल्या रिओ असूल इथे १९८४ साली चोरांच्या हातून वाचलेलं एक थडगं सापडलं, क्रमांक १९, पाचव्या शतकातलं. त्यात एक भांडं होतं, वर कडी आणि फिरवून बसणारं झाकण. हो, फिरकीचं झाकण, पंधराशे वर्षांपूर्वी, मातीचं! त्यावर स्टुअर्टने 'ककाव' वाचलं. आतला सुकलेला थर खरवडून हर्शी या चॉकलेट कंपनीच्या प्रयोगशाळेत पाठवला आणि त्यात थिओब्रोमिन आणि कॅफिन ही कोकोत असणारी दोन्ही रसायनं निघाली. लेबल आणि आतला माल जुळला.

तर मग, ज्या भांड्यावर मालकाचं नाव आणि पेयाचं नाव आहे ते 'थडग्यासाठी बनवलेलं' कसं? की ते आयुष्यभर वापरलं आणि शेवटी उशाशी ठेवलं? तुम्हाला काय वाटतं?

कावळ्याची_चोच

झकास लेख. आजीच्या माहेरच्या तांब्यावर 'सौ. गोदूस' एवढंच कोरलेलं आहे, कुणी कोरलं ते कुणालाच माहीत नाही. त्याची आठवण झाली.

एक प्रश्न. साखर नव्हती ना त्यांच्याकडे? मग कडूजहर पीत होते?

खापरवेडी

ऊस नव्हता, मध होता. पण मुख्य गंमत गोडव्याची नव्हती, फेसाची होती. म्हणून ती बाई उंचावरून ओततेय. आपल्याकडे पितळी वाटीतून पेल्यात कॉफी वरखाली करतात तशी. त्यात मिरची, फुलं, मक्याचं पीठ असं काय काय घालायचे. पेल्यांवर कधी 'ताजा', कधी 'झाडावरचा' अशी विशेषणंसुद्धा येतात. आपण नाही का, 'हापूस' एवढं म्हणून थांबत नाही.

थापी_आणि_गोटा

आमचं घर पेणकडचं, कुंभाराचं. आता मी नोकरी करतो, पण आवा लागला की हात शिवशिवतात. म्हणून कारागिराच्या अंगाने लिहितो.

पहिली गोष्ट, या लोकांकडे चाक नव्हतं. पेला एवढा सरळ, एवढ्या पातळ भिंतीचा, आणि सगळा हाताने. मातीच्या वळ्या एकावर एक रचायच्या आणि बोटाने सांधायच्या. त्यावर रंगीत मातीचं पातळ पाणी लावून चित्र काढायचं, गोट्याने घोटायचं आणि मग भाजायचं. काचेचा लेप नाही, चकाकी नुसत्या घोटण्याची. माती तडकू नये म्हणून आम्ही लीद आणि राख मळतो, त्यांच्या बऱ्याच भांड्यांत ज्वालामुखीची राख असते. भाजणीही उघड्यावरची, आमच्या आव्यासारखीच मध्यम आचेची. अशा भांड्यात पाणी झिरपतं, पण पेय ठेवायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट मुद्द्याची. काही माया भांड्यांवर भाजल्यानंतर चुन्याचा गिलावा चढवून वर निळे-हिरवे रंग दिलेले असतात. होंडुरासमधल्या कोपान या माया शहरात मार्गारिता नावाच्या थडग्यातलं एक तीन पायांचं भांडं फार प्रसिद्ध आहे, डोळे दिपतील असं. हा रंग भाजलेला नाही, नुसता वर बसलेला आहे. ते भांडं दोनदा धुतलं की पापुद्रे सुटणार. कुठलाही कुंभार सांगेल, रोज वापरायच्या भांड्याला असलं काम कुणी करत नाही. म्हणजे अशी भांडी ठेवण्यासाठीच. मग ती देवापुढे ठेवा नाहीतर मड्यापुढे.

खापरवेडी

थापीदादा, तुमच्यासारख्या कुणाचीतरी वाटच बघत होते. पण एक अडचण आहे. रिओ असूलचं फिरकीचं भांडंसुद्धा गिलाव्याचंच आहे! अक्षरं गिलाव्यावर रंगवलेली. आणि त्यात कोको होता.

थापी_आणि_गोटा

आता पंचाईत. पण बघा, कोको होता याचा अर्थ ते भांडं रोज वापरात होतं असा नाही. एकदाच भरलं असेल. शिदोरीला.

कावळ्याची_चोच

शिदोरी. हा शब्द आवडला.

आडवाटेचा_माणूस

लेख छान आहे पण एक मूलभूत शंका. शाबूत भांडी थडग्यातच सापडतात म्हणून ती थडग्यासाठीच, हा तर्कच मुळात लंगडा नाही का? घरात भांडं फुटतं आणि उकिरड्यावर जातं. थडग्यात बंदिस्त राहिलं म्हणून टिकलं. उद्या आमच्या घरातल्या फक्त बँकेच्या लॉकरमधल्या वस्तू टिकल्या तर लोक म्हणतील, यांनी दागिने लॉकरसाठीच घडवले.

आणि याला चांगला उतारा आहे, होया दे सेरेन. एल साल्वादोरमधलं शेतकऱ्यांचं गाव. सातव्या शतकात जवळच्या लोमा काल्देराच्या ज्वालामुखीतून राख उसळली आणि गाव जागच्या जागी गाडलं गेलं. माणसं पळाली, सामान राहिलं. १९७६ साली बुलडोझरने जमीन सपाट करताना हे उघडं पडलं, पेसन शीट्स यांनी १९७८ पासून खोदकाम सुरू केलं. एकेका घरात साधारण ७० मातीची भांडी! एका वाडग्यात तर कुणीतरी बोटांनी जेवण निपटून घेतल्याचे ओरखडे तसेच आहेत. आणि या साध्या शेतकऱ्यांकडेही रंगीत चित्रांचे वाडगे होते, कोपान परिसरातल्या घडणीचे. म्हणजे रंगीत भांडं म्हटलं की राजा आणि थडगं, हे समीकरण इथेच मोडतं.

खापरवेडी

हे वाचून गप्प झाले. जेवता जेवता उठलेला माणूस.

निळेपाताळ

माया म्हणजे आपला मयासुर हे कुणीच कसं लिहिलं नाही? पाताळ म्हणजे अमेरिका, मय हा असुरांचा स्थपती. तिथे पाताळातला देव, इथे पाताळ. योगायोग म्हणायचा का?

आडवाटेचा_माणूस

वाटच बघत होतो. हा प्रतिसाद आल्याशिवाय माया विषयाचा धागा पूर्ण होत नाही. :)

दोन शब्दांचा उच्चार जुळला की नातं जुळलं असं असेल तर जपानी 'नामाए' (नाव) हा आपला मामेभाऊच म्हणायचा. शिवाय हे लोक स्वतःला सरसकट माया म्हणवत नव्हते, ते मेक्सिकोतल्या युकातानकडचं नाव पुढे सगळ्यांना चिकटलं. पाताळाला ते शिबाल्बा म्हणत. पोपोल वूह या किचे माया ग्रंथात तिथल्या मृत्युदेवांची आणि त्यांना चेंडूच्या खेळात हरवणाऱ्या जुळ्या भावांची कथा आहे. आपल्या पाताळात नाग आणि वासुकी, त्यांच्या पाताळात चेंडूफळी.

ताम्हण

नातं नाही हे मान्य करूनच एक तुलना. इनामगावला (घोडनदीकाठी, शिरूर तालुका) डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं, सांकलिया, अन्सारी, ढवळीकर यांनी. तिथे तान्ह्या मुलांना दोन मातीच्या कुंभांत ठेवायचे, तोंडाला तोंड लावून, आडवे, घराच्याच जमिनीखाली. आणि एका प्रौढाला चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेलं मिळालं. साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचं. डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात पाहिलंय, पोटात कालवतं.

माया लोकांत तोंडाला तोंड लावलेली दोन वाडगी मिळतात असं ऐकलंय. त्यातही मुलं?

खापरवेडी

मिळतात, पण हेतू वेगळा दिसतो. बेलीझमधल्या काराकोलला डायन आणि आर्लेन चेस हे जोडपं कित्येक वर्षं खणतंय. तिथे अशा जोडवाडग्यांत बोटांची हाडं निघाली. नुसती बोटं. ते दफन नाही, इमारतीखाली ठेवलेलं अर्पण. इनामगावच्या घरातल्या आईला आपलं मूल आपल्यापाशी हवं होतं असं मला उगीचच वाटतं. काराकोलच्या वाडग्यांबद्दल तसं वाटत नाही.

चुलीपुढची

आमच्याकडे अंत्यविधीत मडक्याला भोक पाडतात, पाणी गळत प्रदक्षिणा होते आणि मग मागे न बघता मडकं फोडतात. माया ताटल्यांच्याही मधोमध भोक पाडलेलं असतं ना? एका कॅलेंडरवर पाहिलं होतं. नाचणारा माणूस आणि बरोबर मध्ये छिद्र.

खापरवेडी

हो, ग्वातेमालातल्या उआशाक्तुनची नर्तकाची ताटली असावी. संशोधक म्हणतात, भोक पाडून भांडं 'मारलं' जातं, म्हणजे ते या जगाच्या कामातून सुटतं. तुमच्या मडक्याशी मन लगेच जोडून टाकतं, माझंही. पण दोन्हीकडे माणसं मरतात आणि दोन्हीकडे मडकी आहेत, त्यापलीकडे पूल बांधू नये.

मात्र आपल्या प्रश्नाला इथे उत्तराचा एक तुकडा मिळतो. ताटली मुद्दाम थडग्यासाठी घडवली असती तर तिला नंतर मारायची गरज काय होती? मारावं लागतं ते जिवंत असलेल्याला.

थापी_आणि_गोटा

वा ताई.

सनावळी

चर्चा चांगली चाललीय, एक उदाहरण राहिलंय. ग्वातेमालातल्या आल्तार दे साक्रिफिसिओस इथे १९६२ साली रिचर्ड अ‍ॅडम्स यांना थडग्यात एक पेला मिळाला. त्यावर तारीखच आहे, आपल्या हिशोबाने इ.स. ७५४. त्यांचं म्हणणं, चित्रातली नाचणारी मंडळी म्हणजे एका राजघराण्यातल्या बाईच्या अंत्यविधीला आलेले पाहुणे. म्हणजे हा पेला नक्कीच दफनासाठी.

आडवाटेचा_माणूस

ते वाचन आता मागे पडलंय. १९८९ साली ह्यूस्टन आणि स्टुअर्ट यांनी 'वाय' हे अक्षर वाचलं (निकोलाय ग्रूबे स्वतंत्रपणे तिथेच पोचले). वाय म्हणजे झोपेत भटकणारा, राजघराण्यांशी जोडलेला एक प्रकारचा सोबती-भूत. आल्तारच्या पेल्यावरचे नाचणारे तेच निघाले. कुणाचा अजगर, कुणाचा जॅग्वार (आपल्या बिबट्याचा तिकडचा भाऊबंद). पाहुणे म्हणून ओळख करून दिली आणि निघाली भुतावळ.

सनावळी

माझी माहिती जुनी निघाली. दुरुस्तीबद्दल आभारी आहे.

पण मग निव्वळ मृतांसाठी बनवलेलं काहीच नाही का? असं कसं होईल?

खापरवेडी

आहे ना. मला तीन ठिकाणं ठाऊक आहेत.

कोपान, होंडुरास. तिथला बारावा राजा इ.स. ६२८ ते ६९५ इतकी वर्षं गादीवर होता. त्याचं मानलं जाणारं थडगं १९८९ साली सापडलं, अक्षरांच्या प्रसिद्ध जिन्याच्या देवळाखाली. थडग्याबाहेर बारा मातीच्या धुपदाण्या. प्रत्येकीचं झाकण म्हणजे बसलेला एकेक माणूस. बारावा राजा आणि बारा मूर्ती, म्हणजे तो आणि त्याच्या आधीचे अकरा, असा अर्थ लावतात. आता ही तर कुणी रोजच्या धुपाला केली नसणार! ज्या दिवशी बारावा गेला त्या दिवशी बाराचा हिशोब पुरा झाला.

दुसरं, ग्वातेमालाच्या डोंगराळ किचे भागातले दफनकुंभ. आपल्या रांजणाएवढे, झाकणावर जॅग्वार नाहीतर बसलेला देव, पोटावर मुखवट्यासारखा चेहरा. ग्वातेमाला शहरातल्या पोपोल वूह संग्रहालयात एका ओळीत उभे आहेत. फोटोतसुद्धा दडपण येतं.

तिसरं निकाराग्वामधलं ओमेतेपे बेट, तळ्यातून वर आलेले दोन ज्वालामुखी. १८७०च्या दशकात ब्रॅन्सफर्ड नावाच्या अमेरिकी नौदलाच्या डॉक्टरने तिथे बुटाच्या आकाराचे कुंभ खणून काढले. खरंच बूट, एका बाजूला टोक निघालेलं. आत हाडं, काहींच्या तोंडावर रंगीत वाडगं पालथं.

थापी_आणि_गोटा

बुटाच्या आकाराबद्दल थांबा. तसली भांडी मेक्सिकोत ओआहाकाकडे स्वयंपाकाला वापरत. टोक निखाऱ्यात सरकवायचं, तोंड बाहेर. आच आत, हात बाहेर. हा आकार चुलीजवळ जन्मलेला आहे, स्मशानात नाही. ओमेतेपेच्या कुंभांना काजळी आहे का, हे बघायला हवं.

खापरवेडी

म्हणजे माझ्या तीनपैकी एक तुम्ही चुलीवर चढवलंत. :)

रेघोट्या

मी उशिरा आलो. सगळं वाचलं. धागाकर्तीला एक टोचणारा प्रश्न विचारतो, रागावू नये. तुम्ही ज्या सशाच्या पेल्यापासून सुरुवात केलीत तो कुठल्या थडग्यात मिळाला?

खापरवेडी

रागवायचं कशाला. उत्तर शरमेचं आहे एवढंच. तो १९७५ साली संग्रहालयाने विकत घेतला. शास्त्रीय उत्खननाची नोंद नाही. शैलीवरून तो उत्तर ग्वातेमालातल्या नाक्बे भागातला म्हणतात.

रेघोट्या

तेच. आपण इथे शंभर तर्क लढवतोय, कारण खणणाऱ्याने उत्तर तिथेच टाकून पेला उचलला. पेतेनच्या, म्हणजे उत्तर ग्वातेमालातल्या, जंगलात या चोरांना 'उएचेरो' म्हणतात, आर्माडिलो या कवचधारी प्राण्याच्या माया नावावरून. बिळं खणणारे. रिओ असूलमध्येही १९८४च्या आधी काही वर्षं त्यांनी जागोजाग चर मारून थडगी धुऊन नेली होती. भांडं कवटीखाली होतं की पायाशी, आत काय होतं, शेजारी कोण होतं, सगळं गेलं. वर दलाल पुसट चित्रं नव्याने रंगवून द्यायचे. म्हणजे ज्या रेषेवर आपण निबंध लिहितो ती कधीकधी आठव्या शतकातल्या चित्रकाराची नसते, विसाव्या शतकातल्या रंगाऱ्याची असते.

अशा वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा. अमेरिकेने पेतेनच्या वस्तूंवर आयातबंदी आणली १९९१ ला. मधली वीस वर्षं कशी गेली ते संग्रहालयांच्या खरेदीच्या सालांवरून कळतं.

ताम्हण

मग जस्टिन कर यांचे फोटो? ते तर याच भांड्यांचे.

रेघोट्या

त्याच भांड्यांचे. कर यांनी स्वतः कॅमेरा जुळवून पेला फिरवत त्याचं चित्र एका सलग पट्टीत उतरवायची पद्धत बसवली, आणि शेकडो भांडी अशी उलगडून सगळ्यांना खुली केली. सशाचा पेला त्यात क्रमांक ५११. ते फोटो नसते तर अक्षरं एवढ्या लवकर वाचली गेली नसती. चोरीचा माल, आणि त्यातूनच विद्या. यावर मला अजून ठाम मत बनवता आलेलं नाही.

खापरवेडी

म्हणून मी सशाच्या पेल्याशेजारी बेलीझचा पेला ठेवते. ब्वेनाविस्ता देल कायो इथे १९८८ साली जोसेफ बॉल आणि जेनिफर ताशेक यांना तो एका तरुणाच्या थडग्यात रीतसर उत्खननात मिळाला. काठावर कोकोचा उल्लेख, आणि मालक म्हणून नारान्होच्या राजाचं नाव. नारान्हो हे माया शहर तिथून पश्चिमेला, सध्याच्या ग्वातेमालात. राजा एकीकडचा, पेला दुसरीकडे, तिसऱ्याच माणसाच्या थडग्यात. बहुधा मांडलिकाला दिलेली भेट. 'सप्रेम' कोरायचं राहिलं एवढंच. तो कुठे मिळाला हे ठाऊक आहे, म्हणूनच एवढी गोष्ट सांगता येते. आधी राजवाड्यासाठी घडला, मग भेट गेला, मग उशाशी आला.

मैत्रिणीला फोन करून सांगितलं, की मान हलवली ती परत घेते. ती म्हणाली, कुठली मान?

थापी_आणि_गोटा

रविवारी फिरकीचं झाकण करून बघितलं. भांड्याच्या काठाला आतून खाचा, झाकणाला कान. ओलं असताना फिरलं झकास. सुकल्यावर झाकण कमी आकसलं, भांडं जास्त, आणि आता बसतच नाही. दोन्ही एकाच गोळ्यातून, एकाच वेळी, झाकण लावूनच सुकवायला हवीत बहुतेक. पण मग कान चिकटतात. मध्ये राख भुरभुरावी का?

ताई, रिओ असूलच्या भांड्याचा झाकण काढलेला, आतल्या बाजूचा फोटो कुठे मिळाला तर टाका.